कायमचा पत्ता

गोटीराम निवास, बेलपाडा, खारघर
६ फेब्रुवारी २०२४

श्री. कोंडिबा शेडगे यांस,
गोजरा गोटीराम घरत हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या शिवतेजची घरमालकीण. होते, असं म्हणायला हवं. शिवतेज आणि वैष्णवी माझ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अकरा महिने राहिले. इथे सगळेच अकरा महिने राहतात, करारच तेवढ्याचा असतो. तुमचा पत्ता त्या करारावरूनच घेतला. 'कायमचा पत्ता' म्हणून त्याने तुमचं गाव लिहिलं आहे.

भाडं वेळेवर, माणसं शांत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की गेल्या आठवड्यात दोघं सामान घेऊन गेले आणि कुत्रा ठेवून गेले. विसरून राहायला तो काही छत्री नाही. गुडघ्याच्या वर येणारा, पिवळसर रंगाचा, लोंबत्या कानांचा लॅब्राडोर आहे. नाव रोमिओ. आमच्या गल्लीत या वयात ते नाव मोठ्याने घ्यायची मला लाज वाटते, म्हणून मी रोम्या म्हणते.

शिवतेजचा फोन बंद आहे. वैष्णवीचा वाजतो, पण ती उचलत नाही. आणि लाड तरी किती होते म्हणता. गॅलरीत त्याची वेगळी गादी, पावसाळ्यात रेनकोट, वाढदिवसाला केक. मलासुद्धा तुकडा आणून दिला होता. आता तो माझ्या ओट्यावर जिन्याकडे तोंड करून बसतो. वर कोणाचं पाऊल वाजलं की कान टवकारतो, मग पुन्हा मान खाली घालतो. मला ते बघवत नाही.

मुलाला सांगा, येऊन घेऊन जा. राग आहे तो त्याच्यावर, तुमच्यावर नाही. उत्तर लवकर द्यावं.

गोजरा घरत


॥ राम कृष्ण हरी ॥
निगडवाडी, ता. कोरेगाव, जि. सातारा
१६ फेब्रुवारी २०२४

श्रीमती गोजराबाई यांस,
कोंडिबा शेडगे याचा सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपल्याला फार त्रास झाला, माफी असावी. पण गैरसमज नको. शिवतेजचा परवाच फोन आला होता. कंपनीने त्याची एकाएकी बंगळूरला बदली केली आणि तिकडच्या जागेत जनावर चालत नाही. 'बाबा, घरमालकीण आईसारखी आहे, तिच्याकडे आठ दिवस ठेवलाय, तुम्ही जाऊन घेऊन या,' असे त्याने मला बजावले होते. माझाच गुडघा आडवा आला. दोष माझा आहे, पोराचा नाही. सूनबाईही आपली आठवण काढते.

तुमचा मुलूख मला नवा नाही. उमेदीची सगळी वर्षे मी वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहिली. तेव्हा तुमच्या खारघरात भातशेती होती. आता गावी एकटाच असतो. मंडळी वारल्या, एक म्हैस आहे. गळ्यात माळ आहे, संध्याकाळी भजनाला जातो, दिवस निघून जातो.

फोन मात्र करू नये ही विनंती. दोन्ही कान गेले आहेत. समोर उभे राहून कोणी ओरडले तर कळते, फोनवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पत्र बरे.

एक विचारतो. त्याची गादी गॅलरीत होती असे लिहिले आहे. जागा एवढी मोठी होती का?

आपला,
कोंडिबा शेडगे


बेलपाडा, खारघर
५ मार्च २०२४

कोंडिबादादा, नमस्कार.

जागा म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. पुढची खोली तर रिकामीच असायची. पाहुणा आला तर हवी, म्हणून ठेवलीय असं वैष्णवी म्हणायची. पाहुणा काही कधी आला नाही.

तुम्ही याल याची वाट बघतेय, पण तुमच्या गुडघ्याचा भरवसा नाही म्हणून इकडेही खटपट केली. प्राणीमित्रांच्या संस्थेत फोन केला. तिथली मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काकू, आमच्याकडे उभं राहायला जागा नाही. रोज कोणीतरी गेटला बांधून जातं." मग शेजारच्या पोरीने रोम्याचा फोटो मोबाइलवर टाकला. शेकडो लोकांनी बदाम पाठवले, घरी न्यायला मात्र दोनदाच कोणी आलं. एक जोडपं हौसेने घेऊन गेलं आणि सोफा कुरतडला म्हणून तिसऱ्या दिवशी परत आणून सोडलं. दुसरा एक जण आला, त्याने रोम्याचे दात बघितले, मागून बघितला, आणि पिल्लांचा धंदा चांगला होईल म्हणाला. त्याला मी चहासुद्धा दिला नाही.

माझा मुलगा केतन टॉवरमध्ये राहतो. त्याच्या सोसायटीत लिफ्टमधून कुत्रा न्यायचा नाही, बागेत आणायचा नाही, भुंकला तर दंड. तो मला म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नको. होळी झाली की गाडीत टाकतो नि न्हावा शेवाच्या रोडला सोडून येतो. तिथे ट्रकवाले खायला घालतात." मी म्हटलं, "तो काय फाटका पायपोस हाय? कोनी टाकला म्हनून मी पन टाकू?" पण दादा, केतनला मी ओळखते. मी झोपलेली असताना घेऊन जाईल. त्या रस्त्यावर कंटेनर कसे धावतात ते तुम्हाला माहीत आहे.

होळीच्या आत या. एवढंच मागणं आहे.

गोजरा


॥ राम कृष्ण हरी ॥
निगडवाडी
१२ मार्च २०२४

गोजराताई,

पत्र पोस्टाने पोहोचायला वेळ लागेल म्हणून मानसिंगच्या हाती देत आहे. हा आमच्या गावचा पोरगा, आल्याची पोती घेऊन त्याचा टेम्पो वाशीला जातो आणि रिकामा परततो. येत्या शनिवारी मी त्याच्याबरोबर येतो. केतनला तोवर थांबवा.

रोम्याला काय खायला घालता ते कळवावे. माझ्या घरात अंडेसुद्धा येत नाही.

कोंडिबा


१३ मार्च २०२४

दादा, मानसिंग घाईत आहे, उभ्या उभ्या लिहितेय. खाण्याचे त्याचे काही नखरे नाहीत. आम्ही खातो तेच खातो. भात आवडतो.

शनिवारी या.

गोजरा


॥ राम कृष्ण हरी ॥
निगडवाडी
२६ मार्च २०२४

गोजराताईंना नमस्कार.

आम्ही सुखरूप पोहोचलो. रोम्या घाटभर माझ्या मांडीवर डोके ठेवून बसला होता. तुम्ही ओट्यावरून ओरडून मला चहा विचारलात तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली, ते आठवून मानसिंग अजून हसतो. निघताना तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडलेत आणि मिटलेत. राहून गेलेले असेल तर लिहावे.

आता काळजीचे. रोम्या जेवत नाही. दूध तेवढे पितो. भाकरी हुंगतो आणि तोंड फिरवतो. वरणभात करून पाहिला, ताकभात पाहिला, भातावर तूप सोडले. भात दिसला की धावत येतो, ताटलीत नाक घालतो, माझ्याकडे बघतो आणि जाऊन फाटकाशी बसतो. बरगड्या दिसायला लागल्या आहेत. कोरेगावच्या डॉक्टरांनी तपासले, आजार काही नाही म्हणाले.

मला वाटते तो शिवतेजसाठी झुरतो आहे. ताई, मुके जनावर उगीच कोणासाठी उपाशी राहत नाही. माझ्या पोराने त्याला तसाच जीव लावला असणार. खरे सांगतो, या काळजीतही मला त्याचे बरे वाटले. शिवतेजला मी त्याच्या कंपनीच्या जुन्या पत्त्यावर हे सगळे लिहून कळवले आहे. पत्र त्याला पोहोचते करतील. वाचल्यावर तो आल्याशिवाय राहणार नाही. पुढची खोली सारवून ठेवली आहे.

कोंडिबा


बेलपाडा, खारघर
१ एप्रिल २०२४

कोंडिबादादा,

मानसिंगकडे एक पिशवी दिली आहे. उघडण्याआधी पत्र वाचा आणि पिशवी घराबाहेरच उघडा. त्यात सुकट आहे.

रोम्या शिवतेजसाठी झुरत नाही. त्याला सुकट हवी आहे. इथे मी त्याला रोज सुकट घालून भात दिला, कधी बोंबील दिले. तुमच्या पत्राच्या डोक्यावर 'राम कृष्ण हरी' बघितलं आणि मी ते लिहिलं नाही. मासळी खाणारा कुत्रा तुम्ही नेणार नाही आणि केतन त्याला रस्त्यावर सोडणार, अशी भीती वाटली. माझ्या त्या लपवाछपवीत जनावर उपाशी राहिलं. मला क्षमा करा.

आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगते. तुमचा मुलगा त्याला माझ्याकडे ठेवून गेला नाही. वर बाथरूममध्ये कोंडून, बाहेरून कडी लावून गेला. नळ थोडा चालू ठेवला होता, एवढीच दया. पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू म्हणाले वरून रडल्यासारखा आवाज येतो, तेव्हा मी किल्ली घेऊन गेले. दाराला आतून ओरखडे होते. माझ्यावर तो भुंकलासुद्धा नाही. पायांवर येऊन पडला.

हे तुम्ही आलात तेव्हा सांगणार होते. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं, आणि काही गोष्टी गल्लीत ओरडून सांगता येत नाहीत.

शिवतेजचा फोन आलाच नव्हता, हे मला तुमच्या पहिल्याच पत्रात कळलं. एका पानावर लिहिता त्याच्याशी बोलणं झालं, त्याच पानावर लिहिता फोनवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी गप्प बसले. केतन इथून दहा मिनिटांवर राहतो. भाडं न्यायला येतो तेव्हा चपला काढत नाही, दारातूनच जातो. आणि शेजारणींना मी सांगते की पोरगा रोज येऊन बसतो. असलं खोटं मला लांबून ओळखता येतं, रोजचं आहे.

मासळी तुमच्या घरात चालणार नाही हे मला कळतं. रोम्याला मानसिंगबरोबर परत पाठवा. केतनशी मी भांडेन. ओटा रिकामा झाल्यापासून मला करमत नाही, हेही खरं आहे.

गोजरा


॥ राम कृष्ण हरी ॥
निगडवाडी
१४ एप्रिल २०२४

गोजराताई,

उत्तराला उशीर झाला. तुमचे पत्र वाचले आणि त्या दिवशी मी म्हशीला पाणी दाखवायलाही उठलो नाही.

तुम्ही ओळखलेत ते खरे आहे. शिवतेजचा आणि माझा संबंध तुटून दोन दिवाळ्या झाल्या. मंडळी गेल्यावर मी म्हणालो होतो, मला तिकडे ने, एका कोपऱ्यात पडून राहीन. गावी आला होता तेव्हा त्याने पाटीवर लिहून दाखवले, 'एका खोलीत चौघे राहतो, पाय पसरायला जागा नाही.' मी ते खरे मानले. पोराचे हाल होतात म्हणून मलाच वाईट वाटायचे. मग तुमचे पत्र आले. त्यात गॅलरी होती, गादी होती, केक होता. वैष्णवी हे माझ्या सुनेचे नाव आहे, तेही मला तुमच्याच पत्रातून कळले.

तुमच्यासमोर त्याची अब्रू राहावी म्हणून मी ते सगळे रचले. बंगळूरही मीच रचले. तो कुठे आहे मला माहीत नाही.

आता रोम्याचे. पिशवी दोन दिवस परड्यात पेरूच्या झाडाला टांगून ठेवली होती. रोम्या झाडाखालून हलेना. तिसऱ्या दिवशी परड्यात तीन दगडांची चूल मांडली, एक जुनी जर्मनची पातेली वेगळी काढली आणि नाकाला उपरणे बांधून सुकट शिजवली. वासाने मला मळमळले. भातात कालवून पुढे ठेवली तर त्याने पातेली चाटून सरकवत सरकवत गोठ्यापर्यंत नेली. मी तिथेच बसून हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो असेन. मग विहिरीवर आंघोळ केली आणि देवापुढे बसलो. देवाला सांगितले, माळ माझी आहे, त्याची नाही.

भजनी मंडळात कुजबुज चालू आहे. म्हातारपणी कोंडिबाला चव लागली म्हणतात. एकाने तर माझ्याशेजारी बसायचे सोडले. ऐकू येत नाही याचा एक फायदा असा की मला त्यातले थोडेच कळते.

रोम्याला परत पाठवत नाही. केतनच्या गाडीची भीती नको. तुमच्याकडे पद्धत आहे ना, तसा करार समजा. अकरा महिने तो माझ्याकडे. पुढे वाढवायचा की नाही ते मालकिणीने स्वतः येऊन, बघून ठरवायचे. तोवर सुकट मात्र तुमच्याकडून यावी, इथल्या बाजारात मागायला गेलो तर उरलेसुरले मंडळही मला सोडेल.

कोंडिबा


बेलपाडा, खारघर
२२ जानेवारी २०२५

कोंडिबादादा, नमस्कार.

मानसिंगने आणलेला ओला हरभरा पोहोचला. रोम्याचा फोटोही दाखवला त्याने. जाडा झालाय. सुकट कमी करा, की नका करू, मला काय कळतंय.

दुसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत. पाळीव प्राणी चालतात का असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आणताना विचारू नका, जाताना विचारा.

आता जे लिहायचं ते. तुम्हाला कळवावं की नको यात आठवडा गेला. शिवतेज आला होता. त्याचं काहीतरी कुरियर चुकून या पत्त्यावर आलं होतं, ते न्यायला. वाळलाय. ते घेऊन निघाला आणि जिन्याकडे बघून थांबला. म्हणाला, "काकू, तो... रोमिओ. त्याला कोणी घेतलं का?"

"घेतला," मी म्हटलं. "एक म्हातारे गृहस्थ आहेत. एकटे असतात. गळ्यात माळ आहे, तरी त्याच्यासाठी सुकट शिजवतात."

"सही आहे," म्हणाला. "बरं झालं."

"बघायचाय?"

मी आत जाऊन कागदावर पत्ता लिहून आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. मग ओट्यावर बसला, जिथे रोम्या बसायचा तिथेच. पाणी मागितलं. ते न पिताच कागदाची घडी करून खिशात घातली आणि गेला. फाडला नाही, एवढं मी बघितलं.

शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, वर्षभर पाठ करून ठेवलेल्या. एकही आठवली नाही.

येईल की नाही सांगता येत नाही. वाट बघू नका असं लिहिणार होते. पण असं लिहून कोणी थांबतं का? मीसुद्धा अजून केतनसाठी दोन कप चहा टाकते.

गोजरा


॥ राम कृष्ण हरी ॥
निगडवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

गोजराताईंना सप्रेम नमस्कार.

शिवतेज आला होता.

मी परड्यात होतो. रोम्या एकदम उठून फाटकाकडे धावला, तेव्हा वर बघितले. मला वाटले होते तो गुरगुरेल. खरे सांगायचे तर त्याने गुरगुरावे अशी माझी इच्छा होती. पण तो शिवतेजच्या अंगावर चढला, त्याचे तोंड चाटले, जमिनीवर लोळला, पुन्हा चढला. शिवतेज त्याच्या गळ्यात हात घालून मातीतच बसला आणि रडला. मी पुढे होऊन दोन शब्द सुनावायचे, तर माझ्या लक्षात आले की मी घरात येऊन चहाचे आधण ठेवले आहे आणि कपांतला चांगला कप शोधतो आहे. रोम्यापेक्षा मी काही वेगळा निघालो नाही.

दोघे जेवलो. त्याने मोबाइलवर वैष्णवीचा फोटो दाखवला. चेहरा चांगला आहे पोरीचा. कोंडल्याचे मी विचारले नाही, त्या एका खोलीचेही विचारले नाही. तोही बोलला नाही. मला सांगायचे म्हणजे ओरडावे लागले असते. तुम्ही लिहिले होते तेच खरे. रोम्यासाठी परड्यात चूल पेटवली तेव्हा मात्र तो उठून आला आणि मी शिजवत असताना शेजारी उभा राहिला.

दिवेलागणीला निघाला. माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने म्हणाला, "बाबा, आठ दिवसांत येतो. तुम्हा दोघांना घेऊन जातो." सगळ्या वाडीने ऐकले. ताई, हे 'आठ दिवस' मीच त्याच्या तोंडी घातले होते, तुम्हाला लिहिलेल्या पहिल्या पत्रात. आता त्याच्याच तोंडून ऐकले आणि मी ते खरे मानले. एक पिशवी भरून दारामागे ठेवली. म्हैस मानसिंगच्या घरी देण्याचे बोलून आलो.

ते आठ दिवस होऊन गेले. पिशवी परत सोडली आहे.

करार संपला आहे. वाढवायचा तर तुम्ही यायचे कबूल केले आहे, निदान मी तसे धरून चाललो आहे. पुढची खोली सारवलेली आहे. मासळी परड्यातच शिजेल, पण ती तुम्ही शिजवलीत तर मला नाकाला उपरणे बांधावे लागणार नाही.

रोम्या रोज फाटकाशी बसायचा. आठ दिवस मीही त्याच्याबरोबर बसलो. काल संध्याकाळी चूल पेटवली, सुकटीचा वास सुटला, तरी तो हलला नाही. हाका मारल्या, मान वळवली नाही. मग मी गेलो, गुडघा नको म्हणत असताना त्याच्या शेजारी मातीत बसलो आणि त्याच्या कानाशी तोंड नेले. त्याचे कान शाबूत आहेत, ओरडावे लागत नाही. हळूच सांगितले, "चल रोम्या. तो काही येत नाही. आपण जेवून घेऊ."

तो उठला. मला उठायला वेळ लागला, तेवढा वेळ तो थांबला.

आपला,
कोंडिबा